जुने रहस्यपट आणि भयमालिका घरी बघायच्या तर आधी कान लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात मोठा टीव्ही आलाय, रात्रीचा वेळ मोकळा मिळतो, म्हणून लहानपणी ज्यांनी झोप उडवली होती ते रहस्यपट, भुतांचे चित्रपट आणि मालिका पुन्हा बघायला घेतल्या. मुलं शेजारी बसून हसतात आणि तुम्हालाही पूर्वीसारखी भीती वाटत नाही. हे सगळं तेव्हाही सुमारच होतं, की आपण बदललो? आणि बघायचंच तर काय बघावं?

मी ध्वनिसंकलनात आयुष्य काढलं. चित्रपटांचे आणि मालिकांचे आवाज कापणं, जोडणं, मिक्सिंगला बसणं हेच काम. निवृत्त झाल्यापासून मीही तुमच्यासारखाच घरी बसून जुनं बघणारा प्रेक्षक आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: १९४९ पासून साधारण १९७० पर्यंतचे आपले चांगले रहस्यपट आजही अंगावर काटा आणतात, पण त्यांची भीती चित्रात कमी आणि आवाजात जास्त आहे. आपण ते बघतो दिवे लावून, पंख्याच्या घरघरीत, मधूनमधून फोन चाळत. मग उरतो फक्त पांढऱ्या साडीतला कृष्णधवल आकार, आणि त्याला मुलं हसली तर त्यांचा काय दोष?

म्हणून आधी टीव्ही नीट लावून घ्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय सेटिंगमध्ये असते, ती बंद करा. तिच्यामुळे जुना चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. त्या काळातलं बहुतेक चित्र जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. ते ताणून पडदा भरू नका, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. काही प्रतींमध्ये पडदा भरण्यासाठी वरचं-खालचं कापलेलं असतं. कपाळ आणि हनुवटी सतत कापली जात असेल तर ती प्रत सोडा, दुसरी शोधा. चित्राचा उजेड थोडा उतरवा, कारण त्या काळातले कित्येक रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून छपाईत काळोखे केलेले असत. प्रत उजळली की झाडाखाली उन्हाची लख्ख सावली दिसते आणि रात्र संपते.

आता आवाज. जुन्या चित्रपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेला असे, एकाच मार्गाचा. साधारण ८,००० हर्ट्झच्या वर त्यात फारसं काही नाही आणि खालचा घुमारही बेताचाच. त्याला ‘थिएटर’ किंवा ‘सराउंड’ मोडवर टाकलं की आवाज फाटतो आणि संवाद दूर जातात. साधा मोड ठेवा, बास वाढवू नका, आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. अजून एक खोड लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ डीव्हीडी आणि त्यांवरून केलेल्या प्रती सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रांनी चालतात. अडीच तासांचा चित्रपट त्यामुळे सहा मिनिटं आधी संपतो, आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेनं, म्हणजे थोडं वरच्या पट्टीत सरकतं. ओळखीचा आवाज उगाच बारीक, घाईत वाटला तर कारण हे असतं. दोन प्रती मिळत असतील तर जास्त लांबीची निवडा.

एवढं झालं की सुरुवात ‘महल’पासून करा. बॉम्बे टॉकीजचा १९४९ चा चित्रपट. कमाल अमरोहींचं दिग्दर्शनातलं पहिलं काम, कॅमेऱ्यावर जर्मनीहून आलेले जोसेफ वर्शिंग, संकलन बिमल रॉय यांचं. अशोककुमारांचा नायक वादळी रात्री जुन्या वाड्यात येतो, म्हातारा माळी त्याला तिथल्या अधुऱ्या प्रेमाची गोष्ट सांगतो, आणि भिंतीवरच्या तसबिरीत नायकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. पुढचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ते कुणी नीट ऐकत नाही. ‘आयेगा आनेवाला’ सुरू होण्याआधीच्या ‘खामोश है ज़माना’ या ओळींना ताल नाही. आवाज लांबून येतो आणि जवळ येत जातो. तेव्हा आजच्यासारखी ध्वनियंत्रणा नव्हती. लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलंय की मायक्रोफोन खोलीच्या मध्ये ठेवला होता, त्या लांबच्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, आणि मुखड्यापाशी मायक्रोफोनजवळ पोचल्या.

हे ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. आवाज लांब असतो तेव्हा त्याच्याभोवती खोलीची गुंज जास्त असते, स्वर कमी. जवळ येताना गुंज मागे पडते आणि शब्दांतले श्वास कळायला लागतात. आज हाच परिणाम संगणकावर बटणानं करता येतो, मीही तो किती वेळा केला असेन. पण माणूस चालत आल्यावर पावलागणिक जो बारीक फरक पडतो तो बटणाला साधत नाही, आणि आपल्या कानाला तो फरक बरोबर कळतो. कुणीतरी खरंच आपल्याकडे येतंय हे अंगाला जाणवतं. त्या वेळच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून पात्राचंच नाव छापलं होतं, कामिनी. ज्या श्रोत्यांना गाणारीचं नावच माहीत नव्हतं त्यांनी हा आवाज कसा ऐकला असेल याचा विचार मी अजूनही करतो. संगीतकार खेमचंद प्रकाश हे यश फार काळ बघू शकले नाहीत, १९५० मध्ये ते गेले. ‘महल’चा उत्तरार्ध रेंगाळतो, कोर्टाचा भाग आज ताणलेला वाटतो, हे खरं आहे. तरी पहिल्या तासाची बरोबरी करणारं आपल्याकडे मला फारसं सापडलेलं नाही.

त्यानंतर ‘मधुमती’, १९५८. लोक गाण्यांसाठी बघतात, मी पहिल्या काही मिनिटांसाठी बघतो: वादळ, खचलेला रस्ता, रिकामी हवेली आणि कुठून तरी येणारं बाईचं रडणं. नैनितालजवळ घोडाखालला केलेलं बरंचसं चित्रीकरण मुंबईत धुतल्यावर धूसर निघालं. तेव्हा इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात खोटी देवदार-चीड उभी करून आणि धूर सोडून ते जुळवलं गेलं. नाशिककडे जाताना मी दरवेळी खिडकीतून त्या डोंगरांकडे बघतो. चित्रपट बघताना मात्र कुठला दरा कुठला हे ओळखता येत नाही, आणि सुधेंदू रॉय यांच्या कलादिग्दर्शनाचं मोठेपण यातच आहे. शेवट सांगत नाही. माहीत नसेल तर तुम्ही नशीबवान आहात.

बिरेन नाग मूळचे कलादिग्दर्शक. त्यांचे ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) दोन्ही हेमंतकुमारांची निर्मिती आणि संगीत. पहिला जास्त गाजला, मला दुसरा जास्त आवडतो. ‘बीस साल बाद’ शेवटी सगळं समजावून सांगत बसतो आणि तेवढ्यात भीती विरून जाते. ‘कोहरा’मध्ये ललिता पवारांची दाईमाँ आहे. येवल्याच्या या बाईंनी किती खाष्ट सासवा केल्या त्याची मोजदाद नाही, पण इथे त्या आवाज चढवतच नाहीत. हळू, सपाट बोलतात, आणि नव्या सुनेला, म्हणजे वहिदा रहमानला, घरात पाऊल ठेवल्यापासून परकं करून टाकतात.

‘वो कौन थी’ (१९६४) तुम्ही नक्कीच पाहिलाय. तरी त्याचा पहिला प्रसंग एकदा डोळे मिटून ऐका, मग पुन्हा बघा. पावसाळी रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली साधना. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतो. काचेतून काही दिसेनासं होतं. तिला मात्र रस्ता दिसतोय, ती वाट सांगत जाते आणि गाडी स्मशानाशी येऊन थांबते. इथे दिग्दर्शक राज खोसलांनी काय केलंय ते बघा. भूत म्हणावं असं काहीच घडलेलं नाही, एक यंत्र बिघडलंय इतकंच. पण वायपरची एकसुरी लय कानात बसलेली असते, ती थांबली की उरलेला पाऊस दुप्पट मोठा वाटतो. आमच्या धंद्यात याहून चांगला धडा नाही: घाबरवायचं असेल तर नवा आवाज घालू नका, चालू असलेला काढून घ्या. या चित्रपटाच्या छायालेखनासाठी के. एच. कापडियांना फिल्मफेअर मिळालं आणि ते योग्यच होतं. कथेच्या उलगड्यातले दुवे मात्र हाताला फार लागू देऊ नका, निसटतात.

‘गुमनाम’बद्दल (१९६५) माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बेटावर अडकलेली माणसं आणि एकेकाचा खून, ही अगाथा ख्रिस्तीची मूळ कल्पना भक्कम आहे. पण दर दहा मिनिटांनी विनोद किंवा नाच येतो आणि संशय वाढायला जागाच मिळत नाही. मेहमूदचं गाणं वेगळं बघा, मजा येते. रहस्यपट म्हणून तो मला अर्धा वाटतो.

त्यापेक्षा चोप्रांच्या घरातले दोन बिनगाण्यांचे चित्रपट घ्या: बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रांचा ‘इत्तेफ़ाक़’ (१९६९). दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं, म्हणजे ‘मधुमती’ची गाणी देणारा माणूस इथे एकही गाणं न देता बसलाय. दोन्हींत नंदा आहे, आपल्या मास्टर विनायकांची मुलगी. ‘इत्तेफ़ाक़’ ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून आला. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री एका बाईच्या घरात शिरतो. जवळजवळ सगळा चित्रपट त्या एका घरात, एका रात्रीत घडतो. घर एकच असल्यामुळे त्याचे आवाज आपल्याला पाठ होतात: कुठलं दार, कुठला फोन, कुठून येणारी पावलं. तासाभरात प्रेक्षक त्या घरात राहायला लागलेला असतो. मग एखादा आवाज नेहमीच्या जागेवरून आला नाही की तो सावरून बसतो, आणि का सावरून बसलो हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. या चित्रपटाला ध्वनीसाठीचं फिल्मफेअरही मिळालं, एम. ए. शेख यांना. मुलांना जुना चित्रपट दाखवायचा तर हाच आधी दाखवा. तो दोन तासांच्या आत संपतो, आणि गाणी नसल्यामुळे रिमोटकडे हात जात नाही.

तुमच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे नंतरचे चित्रपट का घाबरवत नाहीत, माझ्या मते कॅमेऱ्यात आहे. स्टुडिओत मिचेलसारखे जड, आवाज कोंडलेले कॅमेरे होते तोवर संवाद चित्रीकरणातच ध्वनिमुद्रित होत. नटाच्या आवाजाबरोबर त्या खोलीचा आवाजही येई. पुढे हलके, हातात धरता येणारे अ‍ॅरिफ्लेक्स आले. ते चालताना खडखड करतात. मग चित्रीकरणाचा आवाज फक्त संदर्भापुरता उरला आणि सगळा चित्रपट नंतर डबिंगला जाऊ लागला. डबिंगच्या खोलीत नट मायक्रोफोनला चिकटून बोलतो. पडद्यावर तो पन्नास फूट लांब, पडक्या वाड्यात, आणि आवाज आपल्या कानाशी. वाड्याची शांतता कुणी मुद्रितच केलेली नसते. दोन संवादांच्या मधली जागा अगदी बहिरी होते, ती झाकायला पार्श्वसंगीत भरावं लागतं. सतत संगीत वाजत असलं की काय थांबवून घाबरवणार? म्हणून किंकाळी, म्हणून ढगांचा गडगडाट.

भयपट काढणारे रामसे बंधू याच काळातले, आणि त्यांना मी हसण्यावारी नेत नाही. वडिलांचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं. सात भावांनी कामं वाटून घेतली: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, कुमार लेखन, अर्जुन संकलन, केशू निर्मिती आणि बाकी जुळवाजुळव. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात तो प्रसंग प्रेक्षकांना आवडला हे भावांनी हेरलं. त्यातूनच १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला, महाबळेश्वरला थोडक्या माणसांत चित्रित केलेला. ‘पुराना मंदिर’ (१९८४) बघा, पण वेगळ्या नजरेनं: लाल-निळा प्रकाश, जमिनीलगतचा धूर, सामरी या सैतानाच्या भूमिकेतल्या अजय अग्रवालची नुसती उंची. गंगू रामसेंनी तुटपुंज्या साधनांत केलेलं ते काम आहे. मधला जगदीपचा विनोदी भाग खुशाल पुढे ढकला, मूळ कथेशी त्याचा संबंध नाही. आणि मुलं हसली तर हसू द्या, हे चित्रपट थिएटरातही आरडाओरडा करतच बघितले जात.

मालिकांचं गणित वेगळं. त्या २१ इंची, एका छोट्या स्पीकरच्या टीव्हीसाठी बनलेल्या होत्या, आणि मिक्सिंगच्या खोलीत आम्ही तसाच एक छोटा स्पीकर मुद्दाम ठेवत असू. खालचे स्वर त्यातून ऐकूच येत नसत, म्हणून भीतीसुद्धा वरच्या पट्टीत लिहावी लागे: करकर, किंचाळी, व्हायोलिनची थरथर. आजच्या साउंडबारवर ‘ज़ी हॉरर शो’ (१९९३) कर्कश वाटतो तो यामुळे. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर वापरा, फरक पडेल. भागांचे म्हणाल तर पहिली कथा ‘दस्तक’ बघा आणि थांबा.

टिकलेल्या मालिका कुठल्या? माझ्या यादीत सगळ्यात वर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३). रजित कपूर आणि के. के. रैना समोरासमोर बसून बोलतात, कॅमेरा घाई करत नाही, दिग्दर्शक प्रेक्षकाला हुशार समजतो. बासूदा बरीच वर्षं व्यंगचित्रकार होते, मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची सवय इथे दिसते. पंकज पराशरची ‘करमचंद’ (१९८५) आज रहस्यासाठी बघू नका, पंकज कपूर आणि सुष्मिता मुखर्जीच्या जुगलबंदीसाठी बघा. ‘विक्रम और बेताल’च्या युक्त्या आता उघड्या पडतात, पण बेताल झालेल्या सज्जन यांचं ते लांबवलेलं बोलणं पडत नाही. लहान नातवंडं असतील तर सुरुवात इथून करा.

आपल्या मुंबई दूरदर्शनची ‘एक शून्य शून्य’ आठवते? पोलिसांच्या गुन्हे तपासावरची मराठी मालिका, दिग्दर्शक बी. पी. सिंग, तपासाला शिवाजी साटम. पुढे सिंग यांनीच १९९५ मध्ये ‘आहट’ आणली आणि १९९८ मध्ये ‘सीआयडी’, त्यातही साटमच. हिंदीतली इतकी वर्षं चाललेली पोलिसी मालिका मराठीतल्या त्या कामातून उभी राहिली, हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ‘आहट’चे सुरुवातीचे भाग मिळाले तर जरूर बघा. त्यांत भुतं कमी आणि खुनी माणसं जास्त आहेत, आणि ते भाग नंतरच्या भुताटकीपेक्षा कितीतरी सरस आहेत. दूरदर्शनचं जुनं मराठी काम मात्र सहजी सापडत नाही. टेप महाग असत, पुसून पुन्हा वापरल्या जात. ज्यांच्या घरी त्या काळातलं व्हीएचएसवर घेतलेलं काही पडून असेल त्यांनी ते फेकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. बुरशी लागलेली टेप स्वतः मशीनमध्ये घालून बघू नका, डिजिटायझेशन करणाऱ्याकडे द्या.

मराठी चित्रपटांत भयपट थोडे, आणि त्यांत विनोदाचा हात धरूनच बहुतेक आले. ‘झपाटलेला’ (१९९३) त्यातला सगळ्यात नीट बांधलेला. रामदास पाध्यांचा बाहुला, महेश कोठारेंची चटपटीत मांडणी हे सगळे सांगतात. मी दिलीप प्रभावळकरांचं नाव आधी घेतो. तात्या विंचूला त्यांनी दिलेला आवाज काढून टाका आणि बघा, समोर लाकडाचा ठोकळा उरतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरच्या ‘गहिरे पाणी’ मालिकेचे भाग हाती लागले तर एकेक करून, मध्ये दिवस सोडून बघा. सलग बघितले तर शेवटच्या कलाटणीची वाट बघायची सवय लागते आणि कथेतली माणसं निसटतात.

पण मराठीतलं एकच नाव द्यायचं तर ‘पाठलाग’, राजा परांजपे, १९६४. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. बायको डोळ्यांदेखत गेलेला वकील, आणि कोर्टात उभी राहून मीच तुमची बायको म्हणणारी आरोपी. राज खोसलांनी यावरूनच १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला, आणि तो सगळ्या देशानं पाहिला. दोन्ही एका आठवड्यात बघा, आधी मराठी. हिंदीत रंग आलेत, उदयपूरचा तलाव आलाय, साधना आणि सुनील दत्त आहेत, मदनमोहनच्या शीर्षकगीताची हाक तर विसरता येत नाही. मराठीत दत्ता डावजेकरांचं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ आहे, आशाबाईंच्या आवाजात, ग. दि. माडगूळकरांचे शब्द. हिंदी आवृत्ती ऐश्वर्यात फिरते, म्हणून बाई खरी की खोटी हा प्रश्न थोडा लांबचा राहतो. मराठी चित्रपट तेच सगळं बेताच्या मांडणीत सांगतो. तिथे ती बाई घरातल्या खाणाखुणा सांगायला लागली की कोर्टातल्या वकिलाइतकेच आपणही चरकतो. प्रत धुरकट मिळेल, आवाजात खरखर असेल. दहा मिनिटं दम धरा, कान त्या खरखरीला सरावतो.